यवतमाळात राहून संशोधन : ग्रंथालयांकडे वळणाऱ्या नव्या अभ्यासकांसाठी

१९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक होते यशवंत खुशाल देशपांडे आणि प्रकाशनाचे ठिकाण होते यवतमाळचे शारदाश्रम. तेव्हा यवतमाळात महाविद्यालय नव्हते. नागपूर विद्यापीठ स्थापन होऊन दोनच वर्षे झाली होती आणि अमरावती विद्यापीठ जन्माला यायला अजून सहा दशके जायची होती. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिलेल्या. त्या मठांबाहेरच्या वाचकांसमोर नुकत्या कुठे येऊ लागल्या होत्या. अशा काळात जिन-प्रेसच्या आणि कापसाच्या गाड्यांच्या या गावात बसून एका अभ्यासकाने हे वाङ्मय कोणाचे, कोणत्या काळातले आणि किती, याची मांडणी केली. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या विद्वानांनी हे क्षेत्र कितीतरी विस्तारले. तरीही त्या विषयाचा इतिहास सांगताना यवतमाळचे नाव टाळता येत नाही.

ही गोष्ट आधी सांगण्यात अभिमान आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण अभिमानापेक्षा तिच्यातला उपयोग मोठा आहे. संशोधन म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत चालणारे काम, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. जिल्ह्यातला विद्यार्थी किंवा महाविद्यालयातला तरुण प्राध्यापक पीएच.डी.साठी नाव नोंदवतो आणि पहिली तक्रार करतो ती ‘इथे काही मिळत नाही’ ही. ती पूर्ण खोटी नाही. पण ‘इथे काय मिळते’ हा प्रश्न आधी विचारला असता तर तिचे स्वरूप बदलले असते. वाचकांनी हा प्रश्न मनाशी धरून पुढचे वाचावे, इतकीच विनंती आहे.

आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. विद्यापीठ अमरावतीला, १९८३ पासूनचे. यवतमाळहून तिथे जाऊन एका दिवसात परत येता येते; उमरखेडच्या अभ्यासकाला मात्र अमरावतीपेक्षा नांदेड कितीतरी जवळ आणि वणीच्या अभ्यासकाला चंद्रपूर. नकाशावर विद्यापीठाची हद्द एक असते, एस.टी.ची सोय दुसरी. म्हणून या जिल्ह्यातल्या संशोधकाला एकच एक ग्रंथालय कधी पुरले नाही आणि पुढेही पुरणार नाही. त्याला आपले ग्रंथालय चार ठिकाणांहून जमवावे लागते : गावचे सार्वजनिक वाचनालय, आपले किंवा शेजारचे महाविद्यालय, विद्यापीठ, आणि आता संगणकाच्या पडद्यावरून उघडणारे सामायिक संग्रह. हे जमवणे ही संशोधनापूर्वीची कटकट नसून संशोधनाचाच पहिला भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

कागद असे विखुरले कसे, याचे उत्तर जिल्ह्याच्या इतिहासात आहे आणि ते माहीत असल्याशिवाय कोणतीही सूची नीट चाळता येत नाही. वऱ्हाड मूळचा निजामाच्या राज्यातला. १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पण देखरेख राहिली हैदराबादच्या रेसिडेंटकडे. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि कारभार नागपुरातून चालू लागला. १९५० नंतर हाच प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे एकाच गावाच्या शेतसाऱ्याचा किंवा जंगलहक्काचा मागोवा घेणाऱ्याला हैदराबाद, नागपूर आणि मुंबई अशा तीन राजधान्यांचे दप्तर गाठावे लागते. केंद्र सरकारशी झालेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, तो वेगळाच. नागपूरचे पुराभिलेख कार्यालय यात सर्वांत जवळचे, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळासाठी सर्वांत उपयोगाचे.

नावांचा घोळही ध्यानात ठेवा. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणीवरून पडलेले ‘वूण’ असे होते; त्यानंतरच्या इंग्रजी ग्रंथांत तो ‘येवतमाल’ म्हणून येतो. आजचे स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला जुन्या सूचीत काहीच सापडत नाही आणि तो निराश होऊन उठतो. पुसदचे तर आणखी वेगळे. ते १९०५ आधी बाशीम (आजचे वाशीम) जिल्ह्यात होते, म्हणून एकोणिसाव्या शतकातले पुसद शोधायचे तर वाशीमचे खंड उघडावे लागतात. अशा दोन-तीन गोष्टी आधी कळल्या तर महिन्याभराची वणवण वाचते.

आता जवळच्या ग्रंथालयांकडे येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. या कायद्याने राज्यातल्या वाचनालयांना मान्यता, अनुदान आणि अ, ब, क, ड अशी वर्गवारी मिळाली. जिल्ह्यात कोणती मान्यताप्राप्त वाचनालये कुठे आहेत, याची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात असते. नव्या अभ्यासकाने आपल्या तालुक्यापुरती ती आधी उतरवून घ्यावी. कायदा आणि अनुदान आले तरी वाचनालयांचा स्वभाव बदलला नाही. ती गावातल्या वकील-शिक्षक-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभी केलेली, कार्यकारी मंडळाच्या हौसेवर आणि ग्रंथपालाच्या चिकाटीवर चालणारी. बहुतेक ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दार उघडे आणि दुपारी बंद. सूची कधी संगणकावर, कधी कार्डांवर, कधी फक्त दाखल नोंदवहीत. अशा ठिकाणी ‘संशोधनाचे काय मिळणार’ असे वाटणे स्वाभाविक आहे. कादंबऱ्यांचे कपाट, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आणि वर्तमानपत्रांचे टेबल ओलांडून मागच्या खोलीत गेल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

त्या मागच्या खोलीत जे असते ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहसा नसते. स्थानिक संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सहकारी बँकांचे आणि खरेदी-विक्री संघांचे वार्षिक अहवाल, गावातल्या कार्यकर्त्यांचे गौरवग्रंथ, तालुक्याच्या गावी निघून बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, संमेलनांच्या पत्रिका. यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. भाषणे छापून सगळीकडे जातात. स्वागत समितीत कोण होते, वर्गणी कोणी दिली, जाहिराती कोणत्या दुकानांच्या होत्या, हे मात्र स्मरणिकेतच कळते. आणि एखाद्या शहराचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला भाषणापेक्षा जाहिरातींची पाने अधिक बोलकी वाटू शकतात. अशा छापील ऐवजाला बाजारात किंमत नसते, म्हणून तो मोठ्या ग्रंथालयांच्या खरेदी यादीत येत नाही. तो गावातच उरतो किंवा रद्दीत जातो.

लोकनायक बापूजी अणे यांचेच उदाहरण घ्या. जन्म वणीचा, १८८० सालचा. १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक त्यांनी काढले. १९३० च्या जुलैत पुसद भागात जंगल सत्याग्रह झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. लोकमान्य टिळकांवर त्यांनी लिहिलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राज्यपाल अणे आणि कवी अणे कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात भेटतील. जंगल सत्याग्रहात गवत कापायला गेलेली माणसे कोणत्या गावची होती, त्यांना जेवण कोणी पुरवले, सुटून आल्यावर त्यांचे काय झाले, हे मात्र पुसद-यवतमाळच्या स्मरणिकांत, शाळांच्या वार्षिकांत आणि घरोघरच्या कागदांत शोधावे लागते. प्रबंधाचे नवेपण बहुधा याच सत्याग्रहातल्या अणेंमध्ये असते. राज्यपाल आणि कवी अणेंवर आधीच बरेच लिहून झाले आहे.

महाविद्यालयीन ग्रंथालयांविषयी थोडक्यात. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय. यांसारख्या जुन्या संस्थांत पाठ्यपुस्तकांच्या आड संदर्भग्रंथांची चांगली कपाटे उभी असतात. जिथे नोकरी किंवा प्रवेश नाही अशा महाविद्यालयाचे ग्रंथालयही प्राचार्यांच्या नावे आपल्या मार्गदर्शकाचे पत्र नेले तर बसून वाचण्यासाठी सहसा उघडते. पुस्तक घरी मिळेलच असे नाही, आणि त्यावर अडून बसू नये. शेती आणि कापसासाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन जागा विसरता कामा नयेत.

सामायिक ग्रंथालय ही कल्पना नवी नाही. एका वाचनालयाने दुसऱ्याकडून पुस्तक मागवून वाचकाला द्यायचे, ही देवघेव जुनीच आहे. दिल्लीच्या डेलनेट या जाळ्याचे काम १९८८ मध्ये सुरू झाले. तुमचे महाविद्यालय त्याचे सभासद असेल तर दुसऱ्या सभासद ग्रंथालयातले पुस्तक किंवा लेखाची प्रत ग्रंथपालामार्फत मागवता येते. व्यक्तीला नाही, संस्थेला ही सोय असते, म्हणून अर्ज ग्रंथपालाच्या टेबलावरून जायला हवा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना नियतकालिके आणि ई-पुस्तके वाचण्याची वाट करून दिली. आपल्या महाविद्यालयाचा लॉगिन कित्येक शिक्षकांनी घेतलेलाच नसतो, हे वाचकांनी आज तपासून पाहावे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर कोणालाही खुले आहे.

‘शोधगंगा’विषयी मात्र थोडे सावधपणे बोलले पाहिजे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध इथे वाचायला मिळतात आणि विषय आधी कोणी हाताळला आहे का, हे बघण्यासाठी याहून चांगली जागा नाही. पण तिथे गेलेला विद्यार्थी प्रबंधाची अनुक्रमणिका उचलतो, तिच्याबरहुकूम प्रकरणे पाडतो आणि संदर्भसूचीही तशीच उतरवतो. मग चार प्रबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. शोधगंगेतला प्रबंध शेवटून उघडावा, असा माझा सल्ला आहे. आधी संदर्भसूची पाहा. तिच्यात तुमच्या तालुक्यातले काय आले आहे आणि काय आलेले नाही, ते मांडा. जे आलेले नाही, तिथून तुमचे काम सुरू होते. अमरावती विद्यापीठाच्या आधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती, त्यामुळे १९८३ पूर्वीचे प्रबंध नागपुरात शोधायचे, हेही लक्षात असू द्या.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते ते दाखवायला कापसासारखा दुसरा विषय नाही. यवतमाळच्या शेतकरी आत्महत्यांवर बाहेरून येऊन लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा २००५ चा अहवाल आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा २००६ चा अहवाल हे दोन्ही वाचलेच पाहिजेत, आणि दोन्ही संगणकावर मिळतात. पण तिथे थांबणारा अभ्यासक संकटाची सुरुवात अलीकडे कधीतरी झाली असे धरून चालतो. त्याने एक पायरी मागे जावे. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना कशी चालली, चुकारे किती दिवसांनी मिळाले, ग्रेडरविषयी काय तक्रारी होत्या, हे राज्य पातळीवरच्या अहवालांत त्रोटक सापडते आणि बाजार समित्यांच्या, सहकारी संघांच्या वार्षिक अहवालांत तपशिलाने. हे अहवाल तालुक्याच्या गावीच.

आणखी मागे गेले की १९०८ चे ‘येवतमाल’ जिल्ह्याचे गॅझेटियर हाती येते. १९७४ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याची सुधारित आवृत्ती काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, कारण दोन सरकारे एकाच जिल्ह्याकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात ते त्यातून उमगते. सर आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे; त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला आलेल्या तेजीची आठवण अजून ताजी आहे. १८८६ मध्ये कारंजाला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याची नोंद होते, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. त्याच दशकाच्या अखेरीस दोन भीषण दुष्काळ पडले. बाजार नियमाखाली येत असताना माणसे उपाशी का मरत होती, हा प्रश्न लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरच्या १९९७ च्या इंग्रजी ग्रंथात हाताळला आहे. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ मराठीत आहे आणि जुन्या वाचनालयांत अजूनही भेटतो. आता मोजा : पडद्यावरचे अहवाल, तालुक्याचे वार्षिक अहवाल, जिल्ह्यातली गॅझेटियरे, विद्यापीठातला इंग्रजी ग्रंथ, वाचनालयातले मराठी पुस्तक. यातले एकही ठिकाण दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

कारंजाचे नाव आले आहे तर तिथली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा आपल्या दारव्ह्याच्या शेजारचे. तिथल्या जैन भांडारांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत या भांडारांतला ऐवज नोंदला गेला आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन (रायबहादूर वेगळे आणि हे वेगळे, नामसाधर्म्याने पुष्कळांची फसगत होते) यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतून १९३० नंतरच्या दशकात एकामागून एक अपभ्रंश ग्रंथ संपादित करून बाहेर काढले. मराठीसारख्या भाषांची आधीची अवस्था समजून घ्यायला अपभ्रंश किती मोलाची आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगायला नको. मंदिरातला स्थानिक संग्रह, सरकारी आश्रयाने झालेली सूची आणि महाविद्यालयातला एक कष्टाळू प्राध्यापक, हे तिन्ही एकत्र आले तेव्हा हे काम झाले. सूची नसती तर भांडार बंदच राहिले असते, आणि भांडार जपणारे नसते तर सूचीत लिहायलाच काही उरले नसते.

मठ-मंदिरांतल्या आणि घरांतल्या पोथ्या पाहायला जाताना वाचकांनी हे विसरू नये की आपण वाचनालयात नाही आहोत. तिथे पोथी हा पूजेचा विषय असतो. कोणाच्या ओळखीने जायचे, कधी जायचे, फोटो काढायचा की नाही, हे त्या जागेच्या रिवाजाने ठरते आणि नकार आला तर तो शांतपणे घ्यायचा. एका अभ्यासकाच्या उतावीळपणामुळे पुढच्या दहांना दार बंद होते.

काही विषयांत ग्रंथालय फार दूरवर साथ देत नाही, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कोलाम समाज हे आपल्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य. त्यांच्या कोलामी बोलीवर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात नोंदी आहेत, आणि मरे एमेनो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरचा ग्रंथ १९५५ चा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ चे आहेत. ही सगळी पुस्तके कामाची आहेत आणि सगळी बाहेरच्यांनी लिहिलेली. विशेषतः १९१६ च्या खंडांत माणसांविषयी जे सरसकट शेरे मारलेले आहेत ते आज जसेच्या तसे प्रबंधात उतरवणे हा आळस आहे आणि अन्यायही. पारवा-झरीकडच्या पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) जाऊन लोकांशी बोलल्याशिवाय या पुस्तकांचे काय घ्यावे आणि काय टाकावे, हे ठरत नाही. गोंड, परधान, आंध आणि बंजारा समाजांविषयीही हेच म्हणता येईल. वाचन आधी, पण वाचनावर शिक्कामोर्तब गावात.

आता कामाच्या चार सवयी. ग्रंथालयात जाताना विषय नेऊ नका, प्रश्न न्या. ‘मला कापसावर काही द्या’ असे म्हटल्यावर ग्रंथपाल तुम्हाला कपाट दाखवतो; ‘१९५० च्या सुमाराला दारव्ह्याच्या बाजारात अडतीचे दर काय होते, हे कुठे मिळेल’ असे विचारले तर तो खुर्ची ओढून बसतो. तिथला अनुभवी माणूस हीच त्या ग्रंथालयाची सर्वांत चांगली सूची असते, आणि तो निवृत्त झाला असेल तर त्याच्या घरी जावे. मराठी पुस्तकांसाठी प्रवासाआधी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा आहे; पुस्तक मुळात निघाले होते का, कुठून आणि कधी, हे कळल्यावर शोध अर्धा होतो. टिपण काढताना पानाच्या वर ग्रंथालयाचे नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहा. तीन वर्षांनी परीक्षकाने संदर्भ विचारला तर तोच आधार. ठिसूळ कागद झेरॉक्सच्या काचेवर दाबून पालथा घालू नका. परवानगी मागून मोबाईलने टिपा आणि फाईलला पुस्तकाचे, पानाचे नाव त्याच दिवशी द्या. अनामत आणि वर्गणी ठरल्याप्रमाणे भरा. संशोधक म्हणून सवलत मागण्याची चाल आपल्याकडे आहे, पण जे वाचनालय तुटपुंज्या अनुदानावर दिवे-पंखे चालवते त्याच्याकडे सवलत मागताना थोडा संकोच वाटायला हवा.

एक गोष्ट मात्र निकडीची आहे. ग्रंथालयांना जागा कमी पडते. वाचली न जाणारी, फाटलेली पुस्तके नियमानुसार निर्लेखित होतात आणि जुनी नियतकालिके रद्दीत निघतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले दाटीने बसलेली असतात. त्यांना टेबल हवे असते आणि बांधीव खंडांनी भिंत अडवलेली असते. यात दोष कोणाला द्यावा? त्या मुलांची गरज खरी आहे. पण ज्या खंडाला वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही, तो वाचवा असे कार्यकारी मंडळाला सांगण्यासाठी ग्रंथपालाकडे एकच युक्तिवाद असतो : तो मागणारा कोणीतरी येतो. मागणी नोंदवा. वाचून झाल्यावर अभिप्राय वहीत दोन ओळी लिहा, कोणता अंक कशासाठी उपयोगी पडला ते. निर्लेखनाच्या वेळी अशी नोंद कामी येते.

आणि प्रबंध पुरा झाल्यावर एक बांधीव प्रत त्या वाचनालयाला द्या, जिथल्या मागच्या खोलीत तुम्ही बसला होता. विद्यापीठात प्रत जाते, शोधगंगेवर जाते. गावात जात नाही. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यातला दुसरा विद्यार्थी तोच विषय घेऊन तिथे येईल तेव्हा त्याला तुमची संदर्भसूची हाताशी मिळायला हवी. प्रबंध इंग्रजीत असेल तर चार पानांचा मराठी सारांश सोबत जोडा, म्हणजे गावातला वाचकही तो उघडेल. प्रत देऊन लगेच निघू नका. दाखल नोंदवहीत तिची नोंद होईपर्यंत थांबा आणि दाखल क्रमांक आपल्या वहीत लिहून घ्या.